तिकीट कुणी काढलं?

नकाशा उघडायचा, गावाच्या नावावर टिचकी,
पडदा दोन क्षण काळा,
आणि घोड्यासकट माणूस
डोंगरापलीकडच्या वेशीत हजर.
धूळ नाही, घाम नाही.
हर्षल याला सोय म्हणतो, मी पळवाट.
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणं उरकली की रोज हा एकच खटला.

मी सांगते, चालत गेले म्हणून
मिठागराच्या वळणावर ती बाई दिसली
खेचराशी भांडत बसलेली.
तिच्याकडं काम नव्हतं, बक्षीस नव्हतं,
नकाशावर तिचा ठिपकाही नव्हता.
दुसऱ्यांदा गेले तर खेचर एकटंच उभं.
तुला हे कधी दिसलं असतं?

हर्षल मोजे काढत म्हणतो,
दिवसाचे अडीच तास मी
हिंजवडीच्या वाटेवर क्लच दाबून बसलेला असतो.
पुढच्या टँकरवर काय काय लिहिलंय, पाठ आहे मला.
रात्री उरतात चाळीस मिनिटं.
ती खरी चाळीस मिनिटं
खोट्या रस्त्यावर घालवू?
नको असेल तर तू दाबू नकोस बटण,
तुझा हात कुणी धरलाय?

हात कुणी धरत नाही रे, तीच तर गोची.
बटण आहे म्हटल्यावर बोट जातंच,
आणि मग दोन गावांमध्ये
अंतर उरत नाही, नुसती दोन नावं उरतात.
रस्ता कंटाळवाणा झाला असेल
तर तो आखणाऱ्याला धरा,
त्यावरून उडी काय मारता!

तो जरा थांबला.
मग आवाज खाली आणून:
तू घरून काम करतेस ना, ताई,
म्हणून तुला रस्ता हवाय.

हे लागलं.
मंगळवारपासून मी जिना उतरले नव्हते.
दूधसुद्धा आमच्याकडं
दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येतं.

पप्पा इतका वेळ
पोटऱ्यांना तेल चोळत होते.
फुगलेल्या निळ्या शिरा,
कात्रज ते निगडी, एकतीस वर्षं, उभ्यानं.
पडद्याकडं बघत म्हणाले,
हा आत्ता इथून तिथं गेला,
याचं तिकीट कुणी काढलं?

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
रस्त्याची मजा मला विचारा, म्हणाले.
दापोडीच्या पुलावर कितीदा वाटायचं,
डोळे मिटावेत, उघडावेत तर समोर डेपो.
हर्षलनं माझ्याकडं असं पाहिलं
जसा निकालच लागला.
न बघितलेल्या गावी जाता येतं का रे असं?
नाही पप्पा, एकदा पायी जावंच लागतं.
मग ठीक आहे. पासला पण आधी फोटो लागतो.

आणि तेलाची बाटली बंद करता करता,
कोपऱ्यातल्या सूर्याच्या चित्राकडं बोट:
निघालास तेव्हा हा वर होता.
आता तिथं दिवे लागलेत.
म्हणजे वेळ गेलाच की.
फक्त तू नव्हतास.

हर्षल चार्जर शोधायला लागला.
चार्जर त्याच्या मांडीवरच होता.

रात्री दोनला पाणी प्यायला उठले
तर हॉलमध्ये निळा उजेड.
पप्पा सतरंजीवर, पाय उशीवर,
कंट्रोलर दोन्ही हातांत, पंचिंगचा चिमटा धरावा तसा.
घोडा वेशीच्या खांबाशी उभा,
शेपूट हलवतोय.
पुढं सगळा रस्ता मोकळा, चांदणं पडलेलं.

किती वेळ झाला असेल कोण जाणे.
जायचं नाही का, मी विचारलं.
अंगठ्यानं पुढं ढकला ते.

माहितीये, ते म्हणाले.
टाइम व्हायचाय अजून.