हातचे अकरा

नव्वद दिवस.
तेवढ्यात कुणी दार वाजवलं नाही
तर सर्व्हर धरून चालायचा की माणूस गेला,
आणि नाव पुसून जागा मोकळी करायचा.
आमच्या घरमालकिणीचाही साधारण हाच नियम.

बाबा मॉरिटानियाच्या समोर, ट्रॉलरच्या इंजिनखोलीत,
एकशे वीस दिवसांच्या करारावर.
निघताना क्लाइपेदाच्या पाचव्या मजल्यावर
फ्रिजला चिठ्ठी लावून गेले:
स्किर्मांते, दर रविवारी गार्निसला उठव.
चार पावलं चालव. परत झोपव.
बाकी कशालाही हात लावू नकोस.
खाली पासवर्ड,
आईचं माहेरचं आडनाव, उलटं लिहिलेलं.

गार्निस म्हणजे बगळा.
एकसष्टाव्या पातळीचा भालाईत, मंत्रात शून्य,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारे
न वाटलेले अकरा गुण.
तीन वर्षं बाबांनी ते हातचे राखले होते.
कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मी नऊ वर्षांची.
सहा रविवार चारच पावलं.
सातव्या रविवारी खाडीवरून असा वारा सुटला
की आईने खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं,
आणि मला वाटलं, बाबांना काहीतरी द्यावं.
यादीत सगळ्यात खाली होती मासेमारी.
बाबा मासे पकडायलाच गेले होते ना?
अकराच्या अकरा तिथे.
नक्की? असं त्याने विचारलं.
एकदाच विचारतो तो.

तिसऱ्या मजल्यावरच्या नेरियुसचे वीर
त्याच्याच डिस्कवर असायचे, एका फोल्डरात:
वीर१, वीर२, वीर२_खरा, वीर२_खरा_आता_नक्की.
चुकलं की मागची प्रत. मेला की मागची प्रत.
एकदा त्याने फाइल उघडून
बळ नऊशे नव्व्याण्णव करून टाकलं
आणि मग आठवडाभर एकटाच फिरला.
ज्याने आपले गुण आपणच लिहिले
त्याच्याशी कोण लढणार?

मी जिना धडाधड उतरले. मागची प्रत काढ, म्हटलं.
तो हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण.
म्हणाला, ते तुमच्या घरात नाहीच.
ते कुठेतरी जर्मनीत, थंड खोलीत, कुलूपबंद कपाटात.
तिथली रेघ काळ्या दगडावरची.

बाबा नोव्हेंबरात आले.
बुटांना डिझेलचा वास, अंघोळीच्या आधीच खुर्चीत.
मी स्वयंपाकघरात बटाटा सोलत होते,
तोच तो एक बटाटा.
माउसचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला.
मग बुडबुडा वाजला.
त्या खेळात मासा गळाला लागला की वाजतो तसा.
थोड्या वेळाने आणखी एक.

रागावले नाहीत. विचारलंही नाही.
त्या हिवाळ्यात
भाला तळ्याकाठी रोवून गळ टाकून बसणारा
साऱ्या सर्व्हरवर एकटा गार्निस.
लोक टिंगल करायचे, आणि शेजारी येऊन बसायचे.
तिथे कुणालाच स्वतःला खोडता येत नव्हतं.

परवा कंपनीचं पत्र आलं:
कपाट बंद होत आहे, आपापला माणूस घरी न्या.
बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत आता,
मीच उतरवून घेतला. चौदा किलोबाइट.
घरी त्याला नव्वद दिवसांची भीती नाही.
नऊशे दिवस उठवला नाही तरी
तो तसाच, पायरीवर उभा.

रात्री मी फाइल उघडली.
मासेमारी: अकरा.
एक प्रत काढली. त्या प्रतीत मासेमारी शून्य केली,
आणि अकरा गुण परत कोपऱ्यात ठेवले, न वाटलेले,
जणू त्या रविवारी वारा सुटलाच नव्हता.

बाबांना सांगितलेलं नाही.
दोन्ही फाइली शेजारी शेजारी आहेत.
आकार पाहिला.
एका बाइटचाही फरक नाही.