लाल दोरा

कमिटीला एकोणीस पत्रं लिहिली खातूंनी.
विंचचा दोर, चहाचा हिशेब,
सड्यावर गुरं सोडतं कोण.
माझं लँडिंग बघून सगळ्यांसमोर म्हणाले,
"फणस बरा पडतो."

शेवटी नाव कापलं त्यांचं.
वर गेलेल्या हातांत माझाही होता.
पावसला घरी धाडलेली वर्गणी
त्यांनी मोजली,
जास्तीचे दोन रुपये
मनिऑर्डरने परत केले.

या शिमग्यात गेले.
काल जुन्या दोराचं भेंडोळं सोडताना
लाल दोऱ्याची गाठ लागली हाताला,
खाली तीन तारा तुटलेल्या.

तिथून कापला, जोडला,
उडालो.
समुद्राच्या बाजूला घार गिरक्या घेत होती.
मी तिच्या उलट वळलो.

खालून कुणीच ओरडलं नाही.