दुरुस्थी

खंडारे बाई भरदुपारी आल्या.
लाइट नुकतीच आली होती, राउटरचे दिवे
एकेक डोळा उघडत होते.
"पंचायतीचा खर्च तुह्या मशीनवर दिसते म्हणे?"
दिसते, म्हटलं. साऱ्यायलेच दिसते.
पाहत कोणी नाही, ते वेगळं.

जिल्हा, तालुका, गाव, साल.
मी रकाने भरत गेलो, चक्र गोल फिरत राहिलं.
बाईंनी तोवर पिशवीतून चष्मा काढला
आणि लाल पेन.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पेन अजून लालच.

हातपंपांचं काम, नग अकरा.
तीन दरपत्रकं: एक दारव्ह्याचं, एक आर्णीचं, एक दिग्रसचं.
तीन शिक्के, तीन वळणांच्या सह्या.
सगळ्यात स्वस्त दिग्रसवाला, अवघ्या दोनशे रुपयांनी.
"छाप," बाई म्हणाल्या.
पानाला दहा. तीस झाले. सुटे मोजून दिले.

मग वाचायला बसल्या,
सहामाहीचे पेपर तपासावेत तशा, ओठ हलवत.
पहिल्या पानावर एक गोल.
दुसऱ्यावर एक गोल.
तिसऱ्यावर पेन जरा थांबला.
दारव्ह्यानं लिहिलं होतं, हातपंप दुरुस्थी.
आर्णीनं लिहिलं होतं, हातपंप दुरुस्थी.
दिग्रसनंही.

"एका बाकावरची पोरं," बाई म्हणाल्या नि हसल्या.
एकतीस वर्षं कॉप्या पकडलेलं हसू.
"उत्तर बरोबर असलं त समजत नाही, कोनं कोनाचं पाह्यलं.
चूक सांगते."

मी प्रिंटरमधले कागद सरळ करत होतो.
ते सरळच होते.

पाचवी ब. खिडकीजवळचा बाक.
त कुठे संपतो नि थ कुठे सुरू होतो
मला कधी उमजलंच नाही.
हाच शब्द त्यांनी वीस वेळा लिहायला लावला होता.
वीसही वेळा चुकला.

मार्चअखेरीस सरपंचाचा भाचा रात्री आला होता
तीन कोरी लेटरहेडं घेऊन.
आकडे तो सांगत गेला, मी एका बैठकीत टाइप केलं.
पानाला पंधरा. पंचेचाळीस झाले.
तेही सुटेच होते.

सात नंबरचा पंप माझ्या खिडकीतून दिसतो.
त्याच्या रकान्यात 'काम पूर्ण' आहे,
त्याच्या तोटीत गांधीलमाशीचं घर.
बाईंनी तिकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

कागदांची घडी पिशवीत गेली. दारात थांबल्या.
"उद्या ग्रामसभा हाय, देवानंद."
कोरम होत नाही, बाई.
"येशीन त एक माणूस वाढन."

त्या गेल्यावर जुनी फाइल उघडली.
माझं मशीन मराठीच्या प्रत्येक शब्दाखाली
लाल नागमोडी रेघ ओढतं,
बरोबर असो की चूक.
त्यामुळे सवय झाली होती
तिकडे न पाहण्याची.