तपासणी खातं

नाना प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला, तेहतीस वर्षं.
ताज्या नोटांचे तावच्या ताव डोळ्यांखालून घालायचे.
शाई फाकलेली, नंबर तिरका, कडेला बारीकसा डाग
की लाल पेन्सिलीची फुली.
संध्याकाळी गेटवर झडती द्यायची
आणि रिकाम्या खिशांनी जेलरोडवरून सायकल.

आता उजवं अंग गेलंय.
मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी त्यांना आंघोळ घालते,
आणि दोघंही भिंतीवरच्या फरशा मोजत राहतो.

तिसऱ्या दिवशी साबणाच्या डबीखाली दहाची नोट,
डाव्या हाताने कशीबशी घडी घातलेली.
चौथ्या दिवशीही.
"हे काय, नाना?"
"बाई ठेवली असती तर तिने घेतलेच असते की."

हेरंब पुण्याहून पाच तारखेला पैसे टाकतो,
फोनवर म्हणतो, ऋण आहे गं, फेडायला नको?
त्याचं असेल.
त्याच्या इंजिनिअरिंगला नानांनी सोसायटीचं कर्ज काढलं,
मला म्हणाले, बीकॉम काय, घरबसल्याही होतं.

मी तो हिशेब किती वेळा मांडला!
माझ्या गोवरात जागले ती रात्र जमेला,
आईला पाहुण्यांसमोर बोलले ती दिवाळी नावे.
बेरीज जुळत नाही.
आणि जुळली असती तरी काय,
बाकी शून्य निघाली म्हणून
ओल्या पाठीनं बसवून ठेवलं असतं त्यांना?

ना मी त्यांच्याकडे जन्म मागितला होता,
ना त्यांनी माझ्याकडे हे अंग पुसणं.

मग कशासाठी, असं कुणी विचारलं
तर माझ्याजवळ एवढंच आहे:
त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,
पाणी आधी पायांवर घ्यावं लागतं,
एकदम डोक्यावर ओतलं तर दचकतात.
हे ज्याला माहीत, त्यानं उठायचं.
एवढ्यानं भागतं का?
काही रात्री नाही भागत.
कूस बदलायला हाक येते
आणि मी झोपेचं सोंग घेऊन
दुसऱ्या हाकेपर्यंत पडून राहते.

अकरा नोटा साठल्या.
एक खिडकीशी उजेडात धरली, त्यांनीच शिकवलं होतं तशी.
पलंगावरून बघत होते.
"खरी आहे," जड जिभेनं म्हणाले,
"पण तो कोपरा बघ. मी असतो तर पास केली नसती."

त्याच पैशांची बिटकोपाशी केळी घेतली.
"डझनाला किती?"
सांगितलं.
"फसवलं तुला," म्हणाले,
आणि मी साल काढेपर्यंत
तोंड उघडं ठेवून बसले.