चप्पल, डावी, एक नग

म्हापशाच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात
माझी खुर्ची. सत्यवती च्यारी शुक्रवारी येते,
मिरच्यांचा बाजार उरकून.
तिने दिलेले कागद हाताळले
की माझे डोळे रात्रीपर्यंत चुरचुरतात.

ती कोंकणीत सांगते, मी इंग्रजीत टाइप करतो.
ती म्हणते वखद, मी लिहितो वैद्यकीय उपचार.
ती म्हणते पांय कुसलो,
मी थांबून बघतो
गँगरीनच्या शेवटी ई लागतो की नाही.

आत्माराम, वय एकेचाळीस, कच्चा कैदी,
कोलवाळचा तुरुंग. साखर लहानपणापासून नव्हे,
तिसाव्या वर्षापासून; हे तिने दोनदा दुरुस्त केलं.
इन्सुलिन तिने बर्फात घालून नेलं.
गेटवर ठेवून घेतलं. पावती मागितली तर हसले.

अर्ज अकरा. उत्तर एकच, शाई तेवढी वेगळी:
बांबोळीला न्यायला पोलीस एस्कॉर्ट उपलब्ध नाही.
चौथ्या अर्जाच्या दिवशी शिगमा होता.
एस्कॉर्ट मी पाहिला आहे,
रोमटाच्या ढोलांपुढे दोरी धरून उभा.
माझा मुलगा माझ्या खांद्यावर होता,
टाळ्या पिटत.
हे याचिकेत नाही.

परिच्छेद नऊ: शेवटी नेलं तेव्हा
डॉक्टरांनी गुडघ्याखाली पेनाने रेघ मारली.

मग तिने पिशवीतून एक पावती काढली.
तुरुंगाचा शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी:
चप्पल, डावी, एक नग. नातेवाइकास परत.
आणि चप्पलही काढली,
ठेवली कीबोर्डशेजारी.
अंगठ्याला बारीक खिळा. त्यानेच मारलेला असणार,
सुतार माणूस.

म्हटलं, बाई, कागद जोडता येतात, वस्तू नाही.
मग माप लिही, म्हणाली. आठ नंबर.
लिहिलं. वकीलबाई खोडतील बहुधा.

भरपाईचा आकडा रिकामा सोडला आहे.
सुनावणी पर्वरीला, एकवीस तारखेला.
शुक्रवार निघाला. ती बोटांवर मोजत राहिली,
मिरच्या, बस, धाकट्या जावेचा स्वभाव.
येते, म्हणाली.

चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळली,
दोरा दोनदा फिरवला,
आणि विचारलं,
टायपिंगचे किती?