दोन इंच

रंधा शिसवी. पाचर चिंचेची, तिसरी.
पातं मात्र पहिलंच.
अठ्ठेचाळीस वर्षं दगडावर घासून
त्याचं पोलाद संपलं,
मागे मऊ लोखंड तेवढं उरलं.
धार सकाळी लागते, दुपारी उतरते.

बोहरी आळीत मुर्तझाशेठ म्हणाले,
"काका, मशीन घ्या. प्लग लावा, विषय संपला."
तरी दाखवली त्यांनी पाती,
तेलकट कागदातली, पातळ.
माझ्या रंध्याच्या तोंडात खुळखुळली असती
दुसऱ्याच्या कवळीसारखी.

बुधवारी जुना बाजार.
तोट्या, एकेकटे बूट, मिक्सरची भांडी,
आणि एक पातं, जाड, हवं तसंच,
वाळवीने खाल्लेल्या रंध्यात अडकलेलं.
"नुसतं पातं देतोस?"
"नुसतं इंजिन विकतं का कोणी?" पोरगा म्हणाला.
विकतात की, त्याच्यामागेच तीन पडली होती.
उलटून पाहिलं तर मधोमध चीर,
केसाएवढी. ठेवून दिलं.

फुरसुंगीच्या रस्त्याला घिसाड्यांची पालं.
नवरा सांडशी धरतो,
घण जमनाबाई साळुंके मारते.
ट्रकच्या कमानीचा पाटा तिने पायाने पुढे सरकवला.
"किती रुंद?"
जुनं पातं घरीच राहिलेलं.
खिशात पट्टी होती, असतेच,
खडूने दोन इंच आखून दिले.
लाल टोक बादलीत बुडालं.
वाफ विरेपर्यंत ती कान देऊन उभी,
मग म्हणाली, "बसलं पाणी."
पैसे कमी केले नाहीत.

घरी आलो. पातं शिरेना.
तोंड साफ केलं, मेण लावलं. शिरेना.
मग हातातल्या पट्टीकडे लक्ष गेलं.

एकतीस वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत
लाकडी साचे केले.
ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून साचेवाल्याची पट्टीच लांब असते,
शंभराला एक.
तिचे दोन इंच
जगाच्या दोन इंचांहून केसभर जास्त.

म्हणजे हा ओटा,
मुलीच्या लग्नातली पानं,
फंडाचे किती येतील त्याचा अंदाज,
सगळं ह्याच पट्टीने धरलं असणार मी,
निवल्यावर बरोबर बसेल म्हणून.
काही बसलं.
शेगडी अजून ओट्याबाहेर डोकावते.

गॅलरीत बसून कानशीने कड घासली.
खाली कालचा पेपर.
केसभर जास्तीचा तो भुगा, राखाडी,
चिमूटभरसुद्धा भरला नाही.

शेजारी परचुऱ्यांचं दार फुगलंय, लागत नाही.
"चारनंतर या," म्हणाल्या. चारनंतर गेलो.
पाचर ठोकली, हात मारला,
आणि सालप आली, हातभर, अखंड,
मागचं अक्षर दिसेल इतकी पातळ.
परचुरेबाई म्हणाल्या, फार नका काढू,
उन्हाळ्यात ते आपसूक बारीक होतं.

माहीत आहे, मी म्हणालो.