अठ्ठावीस माणसांचा हात

डलूथला बर्फ रात्रीच सुरू झालं.
लेकीची गाडी पहाटे गेली, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.
भांडण कशावरून झालं?
टर्कीवरून नाही, एवढं नक्की.

तोइवो फ्रिज उघडतो.
फॉइलमध्ये गुंडाळलेला सांगाडा,
बरगड्यांना धरून राहिलेलं थोडं मांस,
सुरकुतलेले मटार,
आणि कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर.
डोंगरात नातवानं चमच्यानं खणलेलं तळं,
तळ्यात ग्रेव्ही, थिजलेली.

वीस मिनिटांचं काम.
कांदा, सेलरीचे देठ, मिरी.
हाडं गुडघ्यावर मोडल्यासारखी मोडतो, कडाकड.

लोहखनिजाच्या बोटीवर एकतीस वर्षं
यानं चूल सांभाळली.
हात अजून अठ्ठावीस माणसांचा.
पाणी ओततो ते ओततच राहतो,
मीठ मुठीनं;
एक पातेलं काठोकाठ होतं,
मग माळ्यावरचं दुसरं काढतो.

शेवटी बटाटा सोडायचा, म्हणजे सूप दाट येतं.
हे त्यानंच पोरीला शिकवलेलं.
डाव तळ्याच्या काठाशी येऊन थांबतो.
तेवढा तुकडा तो अलगद बशीत काढतो,
झाकून परत फ्रिजमध्ये ठेवतो.

सूप पातळच राहतं.
राहू दे.

खाली बर्फ लोटणारी गाडी घरघरत येते.
तोइवो सपाता घालूनच पायरीवर, हात हलवत.
ड्रायव्हर काच खाली करतो,
घाबरून विचारतो, काय झालं?

जेवलास का?

तो वर येतो, बूट दारात काढतो,
दोन वाडगे पितो, तिसऱ्याला नको म्हणत म्हणत घेतो.

आता उरले सव्वीस.